दिसायला वेगळा तो जवळचा, दिसायला सारखा तो लांबचा: उमा सरड्यांचं प्रकरण

उमा नावाची सरड्यांची एक जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, आहे, अमेरिकेच्या नैऋत्येला आणि उत्तर मेक्सिकोत, फक्त वाऱ्याने उडणाऱ्या बारीक वाळूत राहणारी. (मी प्रजाती म्हणतोय ते स्पीशीज ह्या अर्थाने आणि उपप्रजाती म्हणजे सबस्पीशीज, प्रजातीच्या आतला वेगळा ओळखू येणारा गट, कारण काही जुन्या मराठी पुस्तकांत जीनसलाच प्रजाती म्हटलंय आणि मग सगळा गोंधळ होतो.) ह्या जीनसमधला एक गट, म्हणजे उमा नोटाटा आणि तिचे शेजारी, ह्याच्यात प्रजाती किती आणि उपप्रजाती किती हा वाद शंभर वर्षांच्या वर चालला आणि 2020 ला त्याचा जो निकाल आला तो बघण्यासारखा आहे. ज्या सरड्याला सगळे पहिल्यापासून वेगळा मानत होते तो शेजाऱ्याच्या एकदम जवळचा निघाला, आणि ज्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, जो शेजाऱ्यासारखाच दिसतो, तो वेगळी प्रजाती निघाला.

आधी प्राणी कसा आहे ते बघू, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेपटीसकट साधारण वीतभर, चपटा, वाळूच्याच रंगाचा, पाठीवर डोळ्यासारखे बारीक ठिपके. मागच्या पायाची बोटं लांब आणि त्यांच्या कडेला टोकदार खवल्यांची झालर. पळताना ही झालर वाळूवर पसरते आणि पाय रुतत नाही. 1986 मध्ये कॅरोथर्सने झालर काढून हे सरडे पळवून बघितले, तर वाळूवर, विशेषतः चढावर, त्यांचा स्पीड कमी झाला आणि रबरी पृष्ठभागावर काही फरक पडला नाही, म्हणजे झालर वाळूसाठीच आहे हे नुसतं बोलायचं राहिलं नाही, सिद्ध झालं. खालचा जबडा वरच्या जबड्याच्या आत बसतो त्यामुळं वाळूत डोकं खुपसलं तरी तोंडात कण जात नाहीत, नाकपुड्या बंद करता येतात, कानावर खवल्यांचे पडदे, पापण्यांच्या कडाही एकमेकींवर बसणाऱ्या. धोका दिसला की पळत पळत वाळूत सूर मारतो आणि गायब.

आता गंमत अशी की हे जे सगळ्यात उठून दिसणारं आहे, झालर वगैरे, ते वर्गीकरणासाठी बिनकामाचं आहे. अशी झालर जगभरात वाळूत राहणाऱ्या सरड्यांमध्ये वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे बऱ्याच वेळा आलेली आहे, आपल्या थरच्या वाळूत अकँथोडॅक्टिलस कँटोरिस म्हणून एक सरडा पळताना दिसतो, त्याच्याही बोटांना झालर आहे आणि त्याचा उमाशी जवळचा काही संबंध नाही. वाळू सगळ्यांना एकाच साच्यात घालते. त्यामुळं उमाच्या आत कोण कोणाचा हे ठरवायचं तर ज्याचा वाळूशी थेट संबंध नाही असं काहीतरी बघावं लागतं, आणि तिथून खरी अडचण सुरू होते.

नकाशा डोळ्यासमोर आणा. वायव्येला कोचेला व्हॅली, पाम स्प्रिंग्जचा भाग, जिथं सॅन गॉर्गोनियो खिंडीतून प्रचंड वारा येतो आणि ओढ्या-नाल्यांनी डोंगरातून आणलेली वाळू खाली पसरवतो. त्याच्या दक्षिणेला सॉल्टनचा खोलगट भाग, जिथं पूर्वी कोलोरॅडो नदी तिकडं वळली की काहुइया नावाचा मोठा तलाव भरायचा आणि नदी परत गेली की आटायचा, असं अनेकदा झालंय. मग अल्गोडोनेसच्या मोठ्या वाळूच्या टेकड्या, मग नदी, नदीपलीकडं ॲरिझोनात यूमाचं वाळवंट, दक्षिणेला मेक्सिकोच्या सोनोरात ग्रान देसिएर्तो, आणि ह्या सगळ्यापासून जरा बाजूला, डोंगराच्या आड, मोहॉक डून्स, म्हणजे मोहॉकच्या वाळूच्या टेकड्या. मधे जिथं वाळू नाही, दगडगोटे आहेत किंवा घट्ट माती आहे, तिथं हा सरडा राहत नाही. म्हणजे प्रत्येक वाळूचा पट्टा हे एक बेटच, आणि बेटांवर कोण राहतं ते वेगळं मोजायचं की एक मोजायचं हा प्रश्न जगात सगळीकडं डोकं खातो.

नावांचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1858 ला बेअर्डने उमा नोटाटा हे नाव दिलं. 1894 ला कोपने मोहावे वाळवंटातली स्कोपारिया आणि लगेच 1895 ला कोचेलाची इनॉर्नाटा आणि यूमाकडची रुफोपंक्टाटा अशी नावं ठेवली. कोप माणूस नावं ठेवण्यात दणादण होता, हातात जेमतेम काही नमुने आले की प्रजाती तयार. 1941 मध्ये हाइफेट्झने सगळ्या जीनसचा आढावा घेतला आणि सोनोराच्या किनाऱ्याकडच्या सरड्यांना उमा नोटाटा काउलेसी अशी उपप्रजाती केली, वाळवंटी सरड्यांच्या शरीराच्या तापमानावर काम केलेल्या काउल्सच्या नावाने. 1958 ला केनेथ नॉरिसने अजून मोठा आढावा लिहिला (हाच नॉरिस पुढं डॉल्फिनच्या आवाजावरच्या कामासाठी गाजला, कुठली वाळू आणि कुठला समुद्र). त्यानंतर बरीच वर्षं पुस्तकांत असं चित्र होतं की नोटाटाच्या दोन उपप्रजाती, नदीच्या पश्चिमेला नोटाटा नोटाटा आणि पूर्वेला नोटाटा रुफोपंक्टाटा, काउलेसी हे नाव रुफोपंक्टाटामध्ये गडप, आणि इनॉर्नाटाला कुणी पूर्ण प्रजाती म्हणायचं तर कुणी नोटाटाचीच उपप्रजाती. मोहॉकचे सरडे? ते रुफोपंक्टाटाच्या खात्यात, वेगळा विषयच नव्हता.

हे सगळं ठरवलं कशावरून, तर मुख्यतः पोटावरून आणि गळ्यावरून. सरडा उलटा धरला की नोटाटाच्या पोटाच्या दोन्ही कडांना एकेक ठसठशीत काळा डाग दिसतो, कडेने नारिंगी छटा, आणि गळ्यावर तिरप्या राखाडी रेघा. स्कोपारियाच्या गळ्यावर रेघांऐवजी चंद्रकोरी, आणि विणीच्या काळात पोटाला पिवळट हिरवा रंग. इनॉर्नाटाचं पोट मात्र जवळजवळ कोरं, कडेचा काळा डाग एकतर नाहीच नाहीतर अगदी बारीक टिंब. पाठीवरचे ठिपके खांद्यापाशी जोडून रेघा होतात का सुटे राहतात हेही बघतात. म्हणजे इनॉर्नाटा ओळखायला सगळ्यात सोपी, सरडा उलटा केला की कळतं. माणसाचा डोळा असल्या गोष्टीवर फार पटकन विश्वास ठेवतो.

उपप्रजातीसाठी त्या काळात एक मोजमाप लोक वापरायचे, 75 टक्क्यांचा नियम. एका गटातले निदान 75 टक्के प्राणी दुसऱ्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांपासून वेगळे ओळखू आले तर उपप्रजाती म्हणा. वापरायला सोपं आहे आणि म्हणूनच जरा धोकादायक, कारण कशावरून ओळखायचं हे तुम्हीच निवडता. पोटावरचा डाग निवडला तर इनॉर्नाटा आरामात पास होते, दुसरं काही निवडलं तर निकाल बदलू शकतो. आणि 1977 मध्ये अडेस्टने नेमकं दुसरंच निवडलं. त्याने प्रथिनांचे प्रकार तपासले आणि नोटाटा, इनॉर्नाटा, स्कोपारिया ह्यांच्यात फरक इतका कमी निघाला की ह्यांना वेगळ्या प्रजाती म्हणावं का हाच प्रश्न उभा राहिला. म्हणजे एका बाजूला डोळा म्हणतो वेगळे, दुसऱ्या बाजूला लॅब म्हणते एकच.

ह्याच सुमाराला प्रकरण कागदावरून जमिनीवर आलं. कोचेला व्हॅलीत गोल्फ कोर्स, रिसॉर्ट, घरं हे सगळं जोरात वाढत होतं, आणि नुसती टेकडी वाचवून भागत नव्हतं कारण वाळू येते कुठून, तर खिंडीकडून वाऱ्याबरोबर, वाटेत भिंती आणि झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की मागून वाळू येणं बंद आणि टेकडी हळूहळू घट्ट होत जाते. सप्टेंबर 1980 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने उमा इनॉर्नाटाला थ्रेटन्ड (पुढं धोक्यात येऊ शकणारी) म्हणून यादीत घातलं, कॅलिफोर्नियाने एनडेंजर्ड (नष्ट व्हायच्या धोक्यातली) म्हणून. 1986 ला बिल्डर, नगरपालिका आणि संवर्धनवाले ह्यांच्यात समझोता होऊन एक आराखडा झाला, तीन राखीव जागा ठरल्या, थाउजंड पाम्स, विलो होल आणि व्हाइटवॉटर. अशा प्रकारचा हा देशातला अगदी सुरुवातीचा आराखडा, ह्याच्या आधी 1983 चा सॅन ब्रूनो डोंगराचा.

इथं एक गैरसमज नेहमी ऐकू येतो की ती नुसती उपप्रजाती ठरली असती तर संरक्षण गेलं असतं. तसं नाहीये. अमेरिकन कायद्यात स्पीशीजची जी व्याख्या आहे त्यात उपप्रजातीही येते, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत तर वेगळी पडलेली एखादी पॉप्युलेशनही येते. फरक पडतो तो रांगेत. पैसे आणि मनुष्यबळ कुणासाठी आधी वापरायचं ह्याचे जे प्राधान्यक्रम 1983 ला ठरले त्यात प्रजातीला उपप्रजातीच्या आधी नंबर. म्हणजे वर्गीकरणाच्या भांडणाला किंमत आहे, पण लोक समजतात तिथं नाही.

मग 2001. ट्रेपानिए आणि मर्फी ह्यांनी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए काढला, म्हणजे जो फक्त आईकडून येतो तो, आणि सगळ्या वाळूच्या पट्ट्यांतले नमुने शेजारी ठेवले. कागदावरची विभागणी आणि ह्या डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षाच्या फांद्या जुळेनातच. कोरं पोट असलेली इनॉर्नाटा ही नदीच्या पश्चिमेकडच्या नोटाटाच्या अगदी जवळची निघाली, इतकी की नोटाटा म्हणून जे सगळं एकत्र धरलं होतं त्यात नदीपलीकडच्या नोटाटापेक्षा अलीकडच्या नोटाटाला इनॉर्नाटा जास्त जवळची. म्हणजे इनॉर्नाटाला वेगळी प्रजाती ठेवायची तर उरलेली नोटाटा एक राहू शकत नाही, आणि नोटाटा एक ठेवायची तर इनॉर्नाटा तिच्यात घ्यावी लागणार. दोन्ही एकदम चालणार नाही. आणि ह्या सगळ्या गडबडीत मोहॉक डून्सचे सरडे, ज्यांच्याबद्दल कुणाचाच काही दावा नव्हता, ते बाकी सगळ्यांपासून वेगळ्याच फांदीवर जाऊन बसले.

इथं घाई करणारा माणूस लगेच नवीन नाव छापून मोकळा झाला असता. ते झालं नाही हे बरं झालं, कारण नुसत्या मायटोकॉन्ड्रियावर भरवसा ठेवणं अवघड आहे. तो एकच वारसा आहे, आईच्या बाजूचा, आणि दोन गटांची गाठ पडून संकर झाला की एका गटाचा मायटोकॉन्ड्रिया दुसऱ्या गटात शिरून तिथंच राहू शकतो, बाकी सगळा जीनोम, म्हणजे उरलेला सगळा डीएनए, वेगळा असला तरी. शिवाय बेटांवर विभागलेल्या प्राण्यांत, जिथं मादी फार लांब जात नाही, तिथं मायटोकॉन्ड्रियाचे गट सुरेख वेगवेगळे दिसतात आणि तेवढ्यावर प्रजाती केल्या तर प्रत्येक टेकडीला एक होईल.

2017 ला गॉट्शो आणि सहकाऱ्यांनी पेशीच्या केंद्रकातल्या, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, अनेक जनुकांसकट पुन्हा तपासलं, आणि मुख्य म्हणजे गटांमध्ये जनुकांची देवाणघेवाण चालू आहे का हे थेट विचारलं. त्याच वर्षी सुकुमारन आणि नोल्स ह्यांचा एक पेपर आला होता ज्यात त्यांनी दाखवलं की प्रजाती मोजायच्या ज्या लोकप्रिय कॉम्प्युटर पद्धती आहेत त्या खरं तर पॉप्युलेशनची रचना पकडतात आणि आपण तिला प्रजाती समजतो. माझ्या मते हा गेल्या दहा-पंधरा वर्षांतला वर्गीकरणवाल्यांना मिळालेला सगळ्यात उपयोगी इशारा आहे, आणि अजूनही पुष्कळ लोक तो न वाचल्यासारखे पेपर काढतायत. उमाच्या बाबतीत उत्तर असं आलं की नदीच्या दोन्ही बाजूंचे गट वेगळे आहेत पण यूमाच्या वाळवंटात त्यांचा संकर होतोय, आणि मोहॉकवाले केंद्रकाच्या डीएनएतही वेगळेच. म्हणजे दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवायला लागले.

2020 मध्ये डेरिके, गॉट्शो, मलकाही आणि डी क्वेरोझ ह्यांनी झूटॅक्सा ह्या जर्नलमध्ये मोहॉकच्या सरड्याला नाव दिलं, उमा थर्मने, अभिनेत्री उमा थर्मनच्या नावाने. बातम्यांत तेवढंच आलं अर्थातच. पेपरच्या शीर्षकातच क्रिप्टिक असा शब्द आहे, म्हणजे डोळ्याने शेजाऱ्यापासून वेगळा काढणं मुश्किल, डीएनए आणि सापडलेली जागा ह्यावरूनच खात्री. डी क्वेरोझचं म्हणणं बऱ्याच वर्षांपासून असं आहे की प्रजाती म्हणजे स्वतंत्रपणे उत्क्रांत होत असलेली वंशरेषा, रंग, संकर न होणं, जनुकीय अंतर हे सगळे त्या वेगळेपणाचे पुरावे आहेत, व्याख्या नाहीत, आणि प्रत्येक पुरावा प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. मोहॉकला रंगाचा पुरावा नाही, बाकीचे आहेत. ह्या टेकड्यांचा मोठा भाग बॅरी गोल्डवॉटर ह्या लष्करी सराव क्षेत्रात येतो, बॉम्बिंग रेंजमध्ये, आणि ऐकायला विचित्र वाटेल पण त्यामुळंच तिथं गोल्फ कोर्स झालेला नाही.

आता ह्या प्रकरणाचा मला सगळ्यात आवडणारा भाग, जो कुठल्याच बातमीत नव्हता. नदीच्या पूर्वेकडच्या आणि सोनोराच्या सरड्यांना नाव कुठलं द्यायचं? प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत साधारण सातबाऱ्यासारखं चालतं, जुनी नोंद ज्याची त्याचा हक्क. इथं जुनी नोंद रुफोपंक्टाटाची, 1895, काउलेसी त्यानंतर 46 वर्षांनी. मग रुफोपंक्टाटाच राहायला पाहिजे ना. पण रुफोपंक्टाटा हे नाव ज्या भागातल्या सरड्यांवरून पडलं तो भाग नेमका संकराचा पट्टा निघाला, म्हणजे ते सरडे पश्चिमेकडची नोटाटा आणि दक्षिणेकडचा गट ह्यांच्या मिश्रणाचे. आणि नियमावलीत कलम 23.8 आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की ज्या प्राण्यावरून नाव ठेवलं तो नंतर संकरित निघाला तर ते नाव, कितीही जुनं असो, दोन्हीपैकी कुठल्याच मूळ प्रजातीला वापरता येणार नाही. त्यामुळं रुफोपंक्टाटा बाद, आणि साठएक वर्षं गडप झालेलं काउलेसी वर येऊन पूर्ण प्रजातीचं नाव झालं, उमा काउलेसी. जुन्या म्युझियममधल्या लेबलांवर, फील्ड गाइडमध्ये, फोटोंखाली सगळीकडं रुफोपंक्टाटा लिहिलंय, आणि त्यातलं प्रत्येक आता कुठं सापडला ते बघून नव्याने वाचायला लागतं, यूमाजवळचा असेल तर संकरित असू शकतो, सोनोराचा असेल तर काउलेसी, मोहॉकचा असेल तर थर्मने. एका नावाची तीन उत्तरं. ज्या नमुन्याच्या लेबलवर नुसतं ॲरिझोना लिहिलंय त्याचं काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

महाराष्ट्रातल्या लोकांना हे अगदीच परकं वाटायला नको. आपल्याकडचा पंखा फुगवणारा सरडा अनेक वर्षं सगळीकडं सिताना पाँटिसेरियाना एवढ्याच नावाने चालायचा. जर्डनने 1870 मध्येच सिताना डेक्कनेन्सिस असं वेगळं नाव दिलं होतं, ते इतरांनी पाँटिसेरियानामध्ये टाकून दिलं. 2016 मध्ये डीएनए, हाडं आणि गळ्याचा पंखा हे सगळं एकत्र बघून सराडा ही नवीन जीनस झाली, डेक्कनेन्सिस परत वर आली आणि साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची सराडा सुपर्बा नवी म्हणून नोंदली गेली. फरक एवढाच की तिथं डोळा आणि डीएनए एकाच बाजूने बोलत होते, निळा-काळा-नारिंगी पंखा बघून कुणालाही शंका आली असती. (चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत तशा कोचेलाच्या खिंडीतही आहेत. चाळकेवाडीवरच्या 2018 च्या अभ्यासात पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त सापडले होते.)

राहता राहिली इनॉर्नाटा. 2020 नंतरही ती पूर्ण प्रजाती म्हणूनच यादीत आहे आणि नोटाटा आता फक्त पश्चिमेकडची उरल्यामुळं 2001 चा जो पेच होता तो बराचसा सुटलाय. तरी मला विचाराल तर हातात कोरा कागद दिला असता आणि कायदा मधे नसता तर मी तिला नोटाटाची उपप्रजाती लिहिलं असतं. तलाव भरला की वेगळी, आटला की परत जवळ, असं झालेले दोन शेजारी, ज्यांच्यात पोटावरचा एक डाग आणि थोडं अंतर एवढाच हिशोब आहे. पण कायदा मधे आहे, प्राधान्यक्रमाची रांग आहे, आणि 2016 मध्ये व्हँडरगॅस्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की 1996 ला कोचेलातल्या वेगवेगळ्या राखीव तुकड्यांतले सरडे जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखे होते आणि 2008 पर्यंत, मधल्या दुष्काळांनंतर, ते एकमेकांपासून वेगळे व्हायला लागले होते. हे वेगळं होणं उत्क्रांतीचं नाही, रस्ते आणि घरं मधे आल्याने तुकडे पडल्याचं आहे. उद्या ह्याच तुकड्यांचा डीएनए कुणी त्या लोकप्रिय पद्धतीत घातला तर थाउजंड पाम्सची एक आणि व्हाइटवॉटरची एक अशा दोन प्रजाती छापून येतील, आणि प्रत्यक्षात करायचं काम उलटं आहे, एका तुकड्यातले सरडे उचलून दुसऱ्यात नेऊन सोडायचं.